बोकडाचं आतडं आणि तोंडाचं मलम

हॉस्पिटलात नोकरी केलेल्यांकडे किस्से असतात, हे कुणालाही पटतं. औषधाच्या लॅबमध्येही ते साचत जातात, हे मात्र सांगावं लागतं. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान मी पिंपरीतल्या एका छोट्या औषध कंपनीत होतो. तिथले हे.

*

पहिल्याच दिवशी आमच्या लॅबप्रमुख साठेसाहेबांनी माझ्यासमोर बोकडाचं आतडं उभं चिरून काचेवर पसरलं. साहेब कांदासुद्धा न खाणारे! तोंड आल्यावर लावायचं मलम आम्हाला बनवायचं होतं. ओल्या, बुळबुळीत जागी ते किती घट्ट धरतं, हे आतड्यावरच कळायचं. मलम लावलेली काचपट्टी आतड्यावर टेकवायची, दोऱ्याने तराजूला बांधायची आणि ती सुटेपर्यंत दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायची.

त्या संध्याकाळी मी नुसतं ताक प्यालो.

*

आतडं आणायचा धोंडिबा. गावातला जुना शेतकरी, जमीन कारखान्यात गेल्यावर आमच्याकडे प्यून झालेला. एकदा आठवडाभर मलम चिकटेचना. साहेबांनी चारदा मलमातला डिंक बदलला. शेवटी धोंडिबाला विचारलं, तर तो म्हणाला, हल्ली वास मारतो म्हणून मीठ-चुना लावून खसाखसा धुतो. जो बुळबुळीत थर आम्हाला हवा होता, तोच तो रोज मोरीत सोडत होता. साहेब स्टुलावर बसले, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठलेच नाहीत.

*

पुढे साहेबांनी मलम स्वतःच्या गालात लावलं आणि ते निघू नये म्हणून मौन धरलं. नेमके तेव्हाच मुंबईहून मालक आले. ते विचारतायत आणि साहेब नुसती मान हलवतायत. मालकांनी मला बाजूला घेतलं. "यांना लकव्याचा झटका कधी आला?"

*

मलम सहा तास टिकलं, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. धोंडिबाने घेतला नाही. गालात जखम आहे म्हणाला. दोन महिने आपलंच मलम गुपचूप लावतोय, ठणका थांबतो.

साहेबांनी त्याला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. बराच वेळ पाहिलं. मग कंपनीची जीप मागवली आणि त्याच दुपारी त्याला मुंबईला नेलं. कॅन्सर होता. डॉक्टरांनी एका बाजूचा गाल काढला. दुखणं आमच्या मलमानेच झाकलं होतं, हे साहेबांच्या मनातून जाईना. त्यांनी तराजूला हात लावणं सोडलं.

चार महिन्यांनी धोंडिबा आला. सरळ साहेबांसमोर बसला, तोंडावरचा पंचा काढला आणि तोंड उघडलं. बोलणं तुटक होतं, पण कळलं.

"साहेब, आत नवी कातडी लावलीया. हितं मलम चिकटतंय का बगा."