पाटीकाका आणि एक जानेवारी

आमच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर होते आणि एक पाटी. खरी पाटी, लाकडी चौकटीची. ती माउसच्या शेजारी असायची आणि पेन्सिल काकांच्या कानावर. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात मुलींच्या निवासी शाळेचं ते ऑफिस आणि काका तिथले सगळ्यात जुने कारकून. कॉम्प्युटरने कसलंही गणित केलं की ते खुर्ची पुढे ओढायचे. "चलो, मशीनचं झालं. आता पाटीला विचारू."

पाटी ते ओल्या रुमालाने पुसत. एकदा घाईत ती पुसायला मी बोटाला थुंकी लावली, तर त्यांनी हात धरला. "विद्येला थुंकी नाही लावायची, इंजिनिअर साहेब." मी इंजिनिअर नव्हते, कॉम्प्युटरची साधी पदवी होती माझी. टोमणा होता तो, पण टावर चौकातून पोहे आणले की पुड्यातला अर्धा वाटा माझ्या टेबलावर यायचाच.

मला त्या पाटीचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. माझे बाबा नानाखेड्याच्या बस स्टँडवर ऑटो चालवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. पदवीचा कागद बाबांनी फ्रेम करून देवांच्या वर लावलाय, अजून तिथेच आहे. प्रवेशाचा फॉर्म मी एकटीने बनवला होता. जन्मतारीख टाकली की वयाची चौकट आपोआप भरायची आणि खाली 'पात्र' किंवा 'अपात्र' यायचं. ते हा माणूस पाटीवर घासून बघणार?

सहावीच्या प्रवेशाला नियम एकच होता. एक एप्रिलला मुलीला बारा वर्षं पूर्ण झालेली नकोत. यादी पाच वाजता लागायची आणि त्याच वेळी जागा वाटून व्हायच्या. एकदा लागलेली यादी बदलत नाही, हे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आधीच बजावलं होतं. साडेतीनला त्यांची सही झाली. बाहेर गावोगावचे पालक बसले होते. एक बाई मुलीचा हात धरून तिसऱ्यांदा खिडकीशी आली. "बाबूजी, छोरी का नाम आ जाएगा ना?"

"पाच बजे देखना, बहनजी. बैठो, पानी पियो," काका म्हणाले आणि त्यांनी अपात्र अर्जांचा गठ्ठा ओढला.

ही त्यांची रीत. निवडलेल्यांकडे ते बघतसुद्धा नसत. "ज्याला नाही म्हटलं, त्याचं आधी तपासायचं. तो परत विचारायला येत नाही." गठ्ठ्यातले पाच अर्ज उपसायचे आणि पाटीवर मांडायचे. तिसऱ्या अर्जावर पेन्सिल थांबली. तो त्या खिडकीतल्या बाईच्या मुलीचा होता.

"साहेब, ही बाराची कशी झाली?"

"फॉर्मने काढलंय, काका."

"हिचा जन्म नोव्हेंबरचा. बारा पूर्ण होतील या नोव्हेंबरात. एप्रिलला अकराच होती ना?"

मी फॉर्म उघडला. बारा. खाली अपात्र. चौकटीमागचं सूत्र उघडलं. चालू सालातून जन्माचं साल वजा, इतकंच लिहिलं होतं मी. वाढदिवस येऊन गेला की यायचाय, हे विचारलंच नव्हतं.

"मी तपासलं होतं," मी म्हटलं. "सगळी वयं बरोबर आली होती."

"कोणाच्या तारखा टाकल्या होत्यास?"

"घरच्यांच्या. आई, बाबा, दोघं भाऊ, मी. आधार कार्डं बघून."

"काय तारखा?"

"सगळ्यांची एक जानेवारी."

आमच्याकडे जन्म कोणी लिहून ठेवला नव्हता. शाळेत नाव घालताना मास्तरांनी, पुढे कार्ड काढताना ऑपरेटरने, सोपी म्हणून तीच तारीख टाकली. आणि एक जानेवारीला जन्मलेल्या माणसाचं वय सालातून साल वजा करून कधीच चुकत नाही. काका आता हसणार म्हणून मी खाली बघत राहिले.

"हूं. माझ्या आईचीही तीच होती," ते म्हणाले. "चार वाजून दहा मिनिटं झाली. चल, लाग."

सूत्र बदललं. एक एप्रिलपर्यंत वाढदिवस आला नसेल तर एक कमी. स्क्रीनवर अकरा आलं, पात्र आलं. यादी छापली. मुलीचं नाव त्यात नव्हतं.

पुन्हा छापली. नाही. बाहेर पालक उठून यादीच्या फळ्यापाशी उभे राहायला लागले होते.

"स्क्रीनवर दिसतंय आणि कागदावर नाही," काका सावकाश म्हणाले. "म्हणजे कागद दुसरीकडून वाचतोय. कुठून?"

तिथे माझी दुसरी हुशारी सापडली. अर्ज भरतानाच वय साठवून ठेवायची सोय मी केली होती, आणि यादी ते जुनं, साठवलेलं वय उचलत होती. ती सोय काढली. यादीने दर वेळी तारखेवरून वय नव्याने काढायचं, असं केलं. काका तारीख वाचत, मी वय सांगे, पाटीवर पेन्सिल करकरे. "हो. पुढचं. हो. पुढचं." अपात्रमधल्या सात मुली पात्र झाल्या. पाचला वीस मिनिटं होती.

"आत कोण जाणार?" त्यांनी विचारलं. मशीन बिघडलं होतं असं सांगता आलं असतं, काकांनीही मान डोलावली असती. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

मीच गेले. "मॅडम, सही केलेली यादी चुकीची आहे. सूत्र मी चुकीचं लिहिलं होतं."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आणि ही दुसरी बरोबर कशावरून?"

मागून येऊन काकांनी पाटी टेबलावर ठेवली. बाईंनी पाटीवरची दोन गणितं मनात केली आणि सही केली.

यादी लागली. त्या आईला वाचता येत नव्हतं. मुलीने स्वतःच नाव शोधलं आणि मोठ्याने दोनदा वाचलं.

आठवड्याने काका आमच्या घरी आले, पोह्यांचा पुडा घेऊन. आईला म्हणाले, "वहिनी, हिचा जन्म कधीचा, खरं सांगा." आई म्हणाली, "सिंहस्थाच्या साली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी." काकांनी कुठून तरी जुनं पंचांग मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी माझ्यापुढे केली. चार ऑगस्ट.

निवृत्त होऊन ते मुलाकडे पुण्याला गेले. एक जानेवारीला मला बँकेपासून सगळ्यांच्या शुभेच्छा येतात. चार ऑगस्टला सकाळी एकच फोन यायचा. "इंजिनिअर साहेब, आज एक वाढला."

फाल्गुनात ते गेल्याचं त्यांच्या मुलाने कळवलं. या चार ऑगस्टला फोन वाजला नाही. ऑफिसात जाऊन मी नवा फॉर्म उघडला आणि माझी खरी तारीख टाकली. वय मोजायचा दिवस एक एप्रिलऐवजी तीन ऑगस्ट ठेवला, मग चार; चारला एक वाढला. बरोबर आलं.

तरी मी एक कागद ओढला आणि हाताने पुन्हा करून बघितलं.