चार नंबरचा ‘श्वेस्टर’

बारा मार्च. रात्रपाळीच्या नर्सकडून सकाळचा हँडओव्हर घेऊन मी चार नंबरच्या जर्मन पेशंटचं तोंड पुसायला घेतलं.

पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. एकच शब्द उरला होता, ‘श्वेस्टर’. दुसरा झटका आला तर तो वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जवळचं कोणी आम्हाला माहीत नाही, असं तो नोकरीला होता त्या कंपनीकडून कळलं होतं.

सौदीतल्या हुफूफच्या आमच्या आयसीयूत दिवसभर ‘सिस्टर, सिस्टर’ चालू असतं. त्यामुळे हाही आम्हालाच हाक मारतोय, असं सगळ्यांनी धरलं. पाणी दिलं, कूस बदलली, भांडं लावलं. तो डाव्या हाताने सगळं ढकलायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. केरळची नर्स वैतागून म्हणाली, “दीदी, याला एक सिस्टर पुरत नाही.”

तेव्हा मला माझी आधीची ओपीडीतली ड्युटी आठवली. हा बीपी तपासायला माझ्याकडेच यायचा. दंडाला पट्टा बांधला की राजकारण सुरू. जर्मनीतल्या त्याच्या बव्हेरिया प्रांतात त्यांचा स्वतःचा पक्ष, ख्रिस्ती आणि जुन्या वळणाचा. उरलेल्या देशात त्याच विचारांचा दुसरा, मोठा पक्ष. एकमेकांच्या हद्दीत उमेदवार उभे करायचे नाहीत, संसदेत मात्र एकत्र बसायचं. चुली दोन आणि रेशनकार्ड एक, असं मी म्हटलं होतं. रेशनकार्ड म्हणजे काय हे समजावण्यात सगळी तपासणी गेली. “श्वेस्टर-पार्टी,” तो म्हणाला होता. बहिणी-बहिणी.

त्याची सख्खी बहीण उत्तरेत दिलेली, त्या मोठ्या पक्षाचं काम करणारी. निवडणुकीत हा तिला फोनवर म्हणाला, की ही युती मोडलेलीच बरी. तिने फोन ठेवला. नंतर दोघांपैकी कोणीच उचलला नाही.

मी बोळा खाली ठेवला. “श्वेस्टर म्हणजे तुमची बहीण? उत्तरेतली?”

त्याने माझं मनगट धरलं ते सोडेना.

कपाटातून त्याचा मोबाईल काढला, त्याच्याच अंगठ्याने उघडला. नावं पुढे सरकवत गेले; एका नावावर त्याने बोट ठेवलं. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच. माझ्या फोनवरून लावला, तर तिने कट केला. दुपारी त्याचं बीपी चढायला लागलं. शेवटी मी त्याच्या मोबाईलवरून इंग्रजीत आवाजी निरोप पाठवला: “तुमच्या भावाला आता एवढा एकच शब्द येतो.” मग मोबाईल त्याच्या तोंडाशी धरला. त्याने तो शब्द म्हटला.

ड्युटी संपेपर्यंत उत्तर नाही. तो मोबाईलकडे बघत होता. येईल फोन, असं मी म्हटलं नाही. मोबाईल चार्जिंगला लावून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा तो बेशुद्ध होता. रात्री दुसरा झटका आला होता. मोबाईलवर बहिणीचा आवाजी निरोप होता, लांबलचक, जर्मनमध्ये. मला एक अक्षर कळलं नाही. मी मोबाईल त्याच्या कानाशी धरला आणि डॉक्टर राउंडला येईपर्यंत तोच निरोप पुन्हा पुन्हा लावत राहिले.