एका कॉटचे दोन धनी

निघोज्याचे ते प्रकरण आठवले की आजही मी खुर्चीत ताठ बसतो. चाकणच्या एका कंपनीला सकाळी ईमेल आला, शॉप फ्लोअरवर बॉम्ब ठेवला आहे. सगळी शिफ्ट बाहेर काढली. बॉम्ब निघाला नाही, पण ठाण्याचा इन्चार्ज म्हणून मला वरून फोनवर फोन सुरू झाले.

सायबर सेलने माग काढला. मेल शेजारच्या निघोजे गावातल्या भाड्याच्या खोल्यांच्या वायफायवरून गेला होता. खोल्यांचा मालक जुना गावकरी. मी दरडावले, तर तो उलट ऐटीत म्हणाला, "आमच्याकडं समद्यांना एकच पासवर्ड न्हाई, साहेब. हर कॉटला येगळं लॉगिन हाय." त्याने यादीच पुढे केली. मेलच्या वेळी एकच लॉगिन चालू होते. खोली सहा, कॉट दोन. मला घबाड मिळाल्यासारखे झाले.

ती कॉट लातूरकडच्या एका कंत्राटी कामगाराच्या नावावर होती. त्याला ठाण्यात आणले. मेल आला त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

"बाजारात गेलो होतो, सायेब."

"कोणी पाहिले?"

"कुणीच नाही."

"लॉगिन कोणाला दिले होतेस?"

यावर तो मान खाली घालून गप्प. गप्प बसणारा माणूस काहीतरी झाकतो, हा माझा अनुभव. पण काय झाकतो, हे विचारायला मी विसरलो. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची नोकरी गेलीच असती, आणि पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये नाव आल्यावर या पट्ट्यात त्याला कोणी गेटवरही उभे केले नसते. अटकेचे कागद टाइप झाले, फक्त माझी सही बाकी होती.

खोलीचा पंचनामा तेवढा राहिला होता, म्हणून गेलो. कॉटखाली सेफ्टी शूजचे दोन जोड होते, एक सात नंबरचा, एक नऊचा. जीप तशीच ठाण्याकडे पिटाळली.

"तुझ्या बुटाचा नंबर किती?"

"सात."

"मग नऊचे कोणाचे?"

पोरगा रडायलाच लागला. "एका कॉटवर दोघं झोपतो, सायेब. मी फर्स्ट शिफ्टला, तो नाईटला. लॉगिनबी दोघांचं एकच. मालकाला कळलं तर दोघांनाबी हाकलंल."

दुसरा तासाभरात सापडला. त्याच कंपनीतल्या सुपरवायझरने चारचौघांत आईवरून शिवी दिली, म्हणून नाईट संपवून आल्यावर त्याने कॉटवर पडल्या पडल्या मेल ठोकला होता. मेलचे खाते त्याच्या फोनवर तसेच उघडे होते.

लॉगिन चोख होते, मालकाची यादीही चोख होती. कॉटवर कोण झोपतो, हे मात्र मी विचारले नव्हते. मी मालकाला बोलावून त्या पहिल्या पोराची खोली शाबूत ठेवायला लावली, अटकेचे कागद फाडले आणि पोराला म्हणालो, "चुकलो मी." इतक्या वर्षांच्या नोकरीत संशयिताला हा शब्द मी पहिल्यांदाच म्हटला होता.