दादांचा नकाशा आणि कोरं झूटरमेर

आणि तुमचा तो नकाशा खोटाच होता दादा. आज वर्ष झालं तुम्हाला जाऊन, तरी मी हेच म्हणणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दादा म्हणजे इथे हॉलंडमधल्या झूटरमेर गावात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे इंजिनियर. आम्ही तिघं खालच्या मजल्यावर, कामाला एका इंडियन हॉटेलात किचनला.

लॉकडाऊन लागला. हॉटेल बंद. वहिनी आणि मुलगी नागपूरला अडकल्या.
मग दादा रोज जेवायला आमच्याकडे.

हातात ताट, मांडीवर लॅपटॉप, स्क्रीनवर अमेरिका.

तिकडे पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी आपसातच निवडणूक होते म्हणे. कुठल्या राज्यातून कोणाला किती लोकांनी देणगी दिली, त्याचा रंगीत नकाशा. दादांच्या माणसाचा रंग जवळजवळ सगळीकडे.

"हे बघ संत्या, पाच डॉलर देणारा रांगेतही उभा राहतो. पैसा येतो तिथेच माणसं असतात."

"आणि ज्याच्याकडे पाच डॉलर नाहीत तो? आमच्या आईने जन्मभर मतदान केलं, वर्गणी कोणालाच दिली नाही."

"आठवी पास, गप भाजी वाढ."

मतं मोजली. दादांचा माणूस आपटला. मी लय छळलं.
तरी अडून! "नकाशा बरोबर होता रे, लोक चुकले."

मग कोविडने दादांनाच नेलं.
अंत्यविधीला मोजकीच माणसं अलाऊड. आम्ही तिघांनी एका मोबाइलवर बघितलं.

दादांच्या मुलीच्या शिक्षणासाठी इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर वर्गणी निघाली. पेमेंट लिंक आली. आमचा पगार रोख, हातात. खातं कोणाचंच नाही. आम्ही आणि शेजारच्या हॉटेलातल्या पोरांनी जमेल तसं काढून हार्लेम गावातल्या, आमच्या ओळखीच्या मंदारकडे दिलं. त्याने आपल्या खात्यातून भरलं.

आता वर्षश्राद्धाला एका हुशार साहेबाने ग्रुपवर नकाशा टाकलाय, कुठल्या गावातल्या खात्यांतून किती वर्गणी आली त्याचा.
"दादांवर प्रेम करणारी गावं."

फेल्डहोवन केशरी. हार्लेम गडद केशरी.
झूटरमेर पांढरं.

खाली नमस्काराच्या हातांची रांग. एकाने विचारलं नाही, की हा माणूस राहत कुठे होता, जेवत कुठे होता.

मी बोललो तर साहेब म्हणतात, "भाऊ, इमोशनल होऊ नका. डेटा आहे."

डेटा! ज्याचं खातं त्याचंच प्रेम, असं झालं हे. आणि एवढी शिकलेली माणसं खाली हात जोडतायत.

तेही सोडलं असतं. पण काल वहिनींचा फोन आला.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"संतोष, तुम्ही पोरं बरी आहात ना? नकाशात दिसला नाहीत. काही अडचण असली तर सांगा हं."

त्या आमची अडचण विचारतायत. त्या!

वहिनी, मंदारला फोन करू नका, त्याचा काही दोष नाही. या महिन्यात माझं खातं उघडलं. मुलीच्या पुढच्या फीसाठी पाठवतोय. माझ्या नावाने, झूटरमेरच्या पत्त्यावरून. साहेबांनी हवा तो रंग भरावा.

दादा, नीट जा. तुमच्यासारखं भांडणारं इथे कोणी मिळालं नाही.

एकशे दहा युरो.