मोडवाल्या वहिनी

रोह्याच्या बाजारात वहिनी दिसल्या की अर्धे दुकानदार एकाएकी कामात असत. कारण कडधान्य घ्यायचं तर वहिनी आधी एकवीस दाणे मोजून घरी न्यायच्या, भिजवायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि तिसऱ्या दिवशी ती पुरचुंडी घेऊन पुन्हा दुकानात हजर. निदान वीस दाण्यांना मोड आले असले तर माल घ्यायचा. नाहीतर भर गिऱ्हाइकांत पुरचुंडी उघडून दाखवायची. म्हणून त्या मोडवाल्या वहिनी. हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

नव्वद सालच्या आसपास मी लग्न होऊन रोह्याला आले, तेव्हा त्या आमच्या शेजारी राहत. त्यांचे यजमान धाटावच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे. वहिनींचं माहेर पेण, आणि त्याचा ताठा चालण्याबोलण्यात दिसायचा. पोह्यांचे पापड पेणचेच, त्यातही तिथल्या एकाच बाईच्या हातचे. त्यासाठी रिकामे डबे घेऊन एसटीने जायचं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, पापड इथल्या दुकानात मिळतात की!" मी त्यांच्या आईला नावं ठेवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिळतात. पण खारट लागले तर सांगू कुणाला? पुडक्याला?"

घासाघीस मात्र त्यांनी कधी केली नाही. "आपण भाव पाडला की विकणारी बाई माल हलका देणार. त्यापेक्षा भाव तिचा आणि माल माझ्या मनासारखा." मनासारखा नसला तर अशी कानउघाडणी करायच्या की ऐकणाऱ्यालाच घाम फुटावा. तरी पुढच्या खेपेला त्याच बाईकडे जायच्या.

हिराबाई अशाच त्यांना सापडल्या. कुंडलिका नदीपलीकडच्या गावातली बाई. भात निघालं की त्याच खाचरात कडवे वाल टाकायची. एक व्यापारी ते खळ्यावरूनच उचलायचा आणि कुठल्या कुठल्या वालांत मिसळून विकायचा. वहिनींनी एकदा तिचे एकवीस दाणे भिजवले. एकवीसच्या एकवीस उगवले. वहिनी आमच्या आळीतल्या आठ घरांत फिरल्या, वर्षाचे वाल हिच्याकडूनच घ्यायचे असं ठरवून आल्या आणि हिराबाईंना म्हणाल्या, "त्या व्यापाऱ्याला नाय म्हणून सांग गो. आम्ही आहोत." त्या शब्दावर हिराबाईंनी व्यापारी तोडला.

पुढची तीन वर्षं छान गेली. चौथ्या वर्षी वाल निघायच्या सुमाराला वहिनी बहिणीच्या बाळंतपणासाठी पेणला गेल्या. जाताना मला बजावलं, "हिराबाईचे वाल आले की आधी दाणे भिजव. मगच लोकांना घ्यायला सांग." वाल आले. टपोरे, ठणठणीत कोरडे, एकाला कीड नाही. मी मनात म्हटलं, तीन वर्षं देतेय ही बाई, तिची कसली परीक्षा घ्यायची! आठही घरांना सांगून टाकलं, घ्या डोळे झाकून.

आठवडाभरात आमच्या आळीत गिल्ला झाला. दोन दिवस, तीन दिवस बांधून ठेवले तरी एकाही घरात मोड येईना. वालांना वास मारायला लागला. समोरच्या काकू म्हणाल्या, "शेवटी वळणाचं पाणी वळणावर. दुकानातले बरे." मी दार लावून घरात बसले. दाणे भिजवले नव्हते हे सांगायची माझी हिंमत होईना.

वहिनी परतल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या हिराबाईंच्या अंगणात उभ्या राहिल्या. हिराबाईंना काही पत्ताच नव्हता. वाल वाळवले कसे, असं वहिनींनी विचारल्यावर म्हणाल्या, "खळ्यावर अवेळी पाऊस लागला, वहिनी. वाल भिजलं. मी पोह्यांच्या मिलात कामाला जाते ना, तर तिथंच भट्टीच्या कडंला पसरलं. चांगली ऊब हाय तिथं. कसं छान वाळलं!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अगो, वाळवलेस कुठे? भाजलेस तू ते! आणि बियाण्याचे?"

हिराबाई खाली बसल्या. "त्ये पन तिथंच वाळवलं." मग म्हणाल्या, "आता मी पेरू काय? नि माजं वाल घेल कोन?"

घरी आल्यावर वहिनींनी पदर खोचला आणि आठही घरं पालथी घातली. भाजलेल्या वालांची जात्यावर डाळ करायची, आमटीला उत्तम लागते, हा एक हुकूम. दुसरा हुकूम, गेल्या वर्षीचे वाल डब्याच्या तळाशी असतील तेवढे बियाण्यासाठी काढा. काकू कुरकुरल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चुकली म्हणून सोडायची, तर तुमच्या हातचा भात कधी करपला नाय?" मीही तेव्हा सगळ्यांसमोर माझी चूक सांगून टाकली. काकू घरात गेल्या आणि डबा घेऊन आल्या. कुणाकडे ओंजळभर, कुणाकडे शेरभर, असं करत एका खाचरापुरतं बियाणं जमलं. कीड लागू नये म्हणून राख लावून ते आम्ही हिराबाईंना नेऊन दिलं. त्या वर्षी त्यांनी एकच खाचर पेरलं, पुढच्या वर्षी सगळी. आठांतलं एकही घर हिराबाईंपासून तुटलं नाही.

यजमान निवृत्त झाल्यावर वहिनी पेणला राहायला गेल्या, आणि चार-पाच वर्षांत तिथेच वारल्या. कळलं तेव्हा मी हिराबाईंना निरोप पाठवला. दोघी मिळून पेणला भेटायला गेलो. हिराबाईंनी वालांची पिशवी वहिनींच्या मुलापुढे ठेवली. "तेराव्याला ह्यांना मोड आणून बिरडं करा." त्याने खिशात हात घातला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"नको, बाबा. माजं बियान जळालं तवा तुज्या आयनं दारोदार फिरून गोळा केलं. माज्या खाचरात उगवतं त्ये तिचंच हाय. तिचंच तिला घेऊन आले."

तेराव्याला पंगतीत बिरडं वाढलं. मी रडत रडत दोनदा मागून घेतलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.