बिरादार सरांचा उजवा हात

सर गेल्याचा निरोप मला सागरबाईंकडून मिळाला. चाकूरजवळच्या एका खेड्यातल्या या सागरबाई. त्यांचा फोन वर्षा-दोन वर्षांतून एखादा. मी निवृत्तीनंतर नांदेडला मुलाकडे असतो. "बिरादार सर गेले म्हने," त्या म्हणाल्या. "नळाला फडकं बांधलेलंच हाय. आता त्याचं काय करू?" शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू द्या. बांधून ठेवते."

हे फडक्याचं प्रकरण सांगायला हवं. सर लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. सरांना एका किड्याचं वेड होतं. किडा म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. "नामदेव, झिंग्याच्या गोतातला आहे तो," असं बजावायचे. तांदळाच्या कणीएवढा, पांढराफटक, पायांच्या सात जोड्या आणि डोळे मुळीच नाहीत. खडकाच्या भेगांतल्या पाण्यात तो जन्मतो आणि तिथेच मरतो. उजेडातल्या पाण्यात राहणारे त्याचे भाऊबंद डोळस असतात. याचे पूर्वज कधीकाळी खाली उतरले आणि अंधारात डोळ्यांचं काम उरलं नाही, असं सर सांगायचे.

विहिरीतल्या आडव्या बोअरच्या पाण्याबरोबर तो कधीमधी वर येऊन गावच्या नळात उतरायचा. म्हणून सर गावोगाव बायकांना सांगत फिरायचे, की नळाच्या तोंडाला गाळण म्हणून बांधलेलं फडकं आठ दिवसांनी सोडा आणि ओलंच डब्यात घालून ठेवा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सागरबाईंनी पहिल्या खेपेला फडकं दिलं ते साबण लावून, वाळवून, घडी घालून. आम्ही दोघं त्या घडीकडे बघतच राहिलो. "मग काय मळकं फडकं द्यावं का सर, घरी आलेल्या मान्साला?" त्या म्हणाल्या. सरांनी चहा घेतला, "फडकं लई स्वच्छ निघालं बाई," म्हणून कौतुक केलं आणि पुढच्या वेळी न धुता द्या, अशी हात जोडून विनंती केली. बसमध्ये मी चाकूर सुटेपर्यंत हसत होतो.

पुढे फडक्यांतून माद्या मिळत गेल्या. ही नवी जात आहे याची सरांना खात्री होती. पण नराच्या पोटाखालचा एक केसाएवढा अवयव सुईने सोडवून त्याचं चित्र काढल्याशिवाय जातीला नाव देता येत नाही, आणि नर काही मिळेना. नऊ वर्षं गेली. मग एका एप्रिलमध्ये सागरबाईंच्याच फडक्यात तो सापडला. परीक्षा तोंडावर होत्या. सरांनी त्याला स्पिरिटच्या बाटलीत सोडलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुट्टी संपली की निवांत उघडू. तोवर बाटलीतलं स्पिरिट कमी होऊ देऊ नको, नामदेव."

त्या मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. लातूरचं ऊन, प्रयोगशाळेवर पत्रे, झाकण जरा सैल... मी पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा बाटली कोरडी ठणठणीत होती. तळाशी तो चिकटला होता, ताटात वाळलेल्या शितासारखा. मी घाईघाईने स्पिरिट ओतलं. तो हळूहळू सुटला, तरंगला, पुन्हा बुडाला, आणि माझ्या डोळ्यांना तरी पहिल्यासारखाच दिसला. मी झाकण घट्ट लावलं आणि गप्प बसलो.

जूनमध्ये सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याला सुई लावली आणि त्याचा भुगा झाला. त्यांनी सुई खाली ठेवली. मग उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला, उलटासुलटा करून पाहिला. "नामदेव, माझा हात हलला का रे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "थोडासा हलला, सर."

पुढे आणखी दोन नर मिळाले. सरांनी ते उघडले नाहीत. दुसऱ्या कुणाकडे पाठवा म्हटलं की हसून विषय बदलायचे. त्या दोन बाटल्या कपाटात राहिल्या आणि मी निवृत्त होईपर्यंत त्यांतलं स्पिरिट बोटभरही कमी होऊ दिलं नाही. त्या जातीला अजून नाव नाही. सरांचा हात मात्र मी नंतर कितीतरी वेळा चोरून पाहिला. फळ्यावर झिंग्याच्या मिशा काढताना, सुईत दोरा ओवताना. एकदाही तो हलला नाही. आजही नांदेडला जेवताना ताटाच्या कडेला शीत वाळलेलं दिसलं, की मला समोर तो हात दिसतो आणि घास उतरत नाही. सून म्हणते, बाबा जेवत का नाहीत. काय सांगू तिला?

तेराव्याला लातूरला गेलो. हार घातलेल्या फोटोत सर मुलीच्या अंगणात उभे होते, उजवा हात पँटच्या खिशात. मी फोटोकडे बघतोय असं पाहून त्यांची मुलगी, मीनाताई, जवळ आली. "शेवटची काही वर्षं हात असाच खिशात असायचा, काका. ओवी झाली तेव्हा मी तिला त्यांच्यापुढे धरली तर बाबा मागे सरकले. 'नको, माझ्या हाताचा भरवसा न्हाई,' म्हणाले. डॉक्टरांना कधी काही सापडलं नाही. पण त्यांनी नातीला एकदाही उचलून घेतलं नाही." सहा वर्षांची ओवी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून लाडू खात होती. मी तिच्याकडे पाहिलं, पाणी प्यालो आणि तिथेही गप्प बसलो.

मीनाताई, वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल ती तुमच्या घरी येते हे मला ठाऊक आहे. सरांचा हात हलला नव्हता. बाटली माझ्या हलगर्जीपणाने कोरडी पडली होती, त्यात तो जीव वाळून ठिसूळ झाला होता आणि मी खोटं बोललो. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. पण ओवीला एवढं जरूर सांगा, की आजोबांच्या हातून ती कधीच पडली नसती.