वीतभर लांब लेन्स

माझी मावशी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा फारसा कुणाला माहीत नाही, आणि तिला ते बरंच वाटायचं. फोनवर ती रडणाऱ्या नातेवाइकांना धीर द्यायची, अरेरावी करणाऱ्या डॉक्टरांना गोड बोलून गप्प करायची. समोर माणूस उभा राहिला की मात्र तोंडाला कुलूप. बाबा म्हणायचे, "मेव्हणीशी गप्पा मारायच्या तर शेजारच्या खोलीत जाऊन फोन लावावा लागतो."

ती निवृत्त झाली तेव्हा बाबांनीच तिला एक जुना रोलचा कॅमेरा दिला. नुसती बॉडी, लेन्स तिने आपल्या पसंतीने घ्यायची होती. मी तिच्यासोबत दुकानात गेले. दुकानदाराने पुढ्यात दोन लेन्स ठेवल्या, एक बुटकी पन्नास मिलिमीटरची आणि एक वीतभर लांब, दूरचं जवळ आणणारी.

"नवशिक्याने पन्नासचीच घ्यावी," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसतं साधारण तसंच दिसतं. माणूस मोठा हवा असेल तर चार पावलं पुढे जायचं."

"आणि पुढे जायचं नसेल तर?" मावशीने हळूच विचारलं.

तो हसला. "मग ही लांबची. पण हात जरा हलला की फोटो गेला. पहिली म्हणून नका घेऊ."

मावशीने तीच घेतली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत टॉवेलची घडी ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची, ही युक्ती तिची तिनेच शोधली. तरी पहिले रोल बहुतेक धूसर आले. मग एका दुपारी समोरच्या इमारतीच्या मागच्या जिन्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई येऊन बसल्या. सगळ्या गल्लीचे कपडे त्यांच्याकडे असत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरचे केस काढून मांडीवर ठेवले, आणि डोळे मिटून बोडकं डोकं उन्हाला दिलं. तो टोप आहे, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. मावशीचा हात तेव्हा अजिबात हलला नाही.

दुकानदार तो फोटो बघतच राहिला. "मोठा करून दुकानाच्या काचेत लावू?" त्याने विचारलं. मावशीच्या कामाचं कुणी तिच्या तोंडावर कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ. ती चटकन हो म्हणाली.

आठवडाभरात दुकानात विचारून ताई मावशीच्या दारात उभ्या राहिल्या. मी तिथेच होते.

"फोटो छान आलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आजारपण मी सासूबाईंनाही कळू दिलं नव्हतं. आता कपडे टाकायला कुणी येत नाही, चौकशीला येतात. मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीत ना?"

ताई गेल्या तशी मावशी घरातल्याच चपला पायात अडकवून दुकानात गेली आणि फोटो उतरवून आणला. मग तिने ताईंना फोन लावला. इस्पितळातला तो मऊ, सराईत आवाज काढून "मला माफ करा" एवढं म्हणतेय, तोच पलीकडून ताई म्हणाल्या, "हे इथे दारात येऊन बोला."

ती गेली. मी जिन्याच्या कठड्याशी थांबले. मावशीने फोटो आणि निगेटिव्ह घातलेलं पाकीट पुढे केलं. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. "तुम्ही बरोबर ओळखलंत," ती कशीबशी म्हणाली. "नाही म्हणाल म्हणूनच विचारलं नाही." ताईंनी पाकीट घेतलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर कितीतरी दिवस मावशी स्वयंपाकघराची खिडकी उघडेना. भाजीलासुद्धा लांबच्या रस्त्याने जायची. शेवटी एकदा ती लेन्स बदलून पन्नासची घेऊन आली. आता ती माणसाच्या अगदी पुढ्यात जाते, अडखळत विचारते, "तुमचा फोटो काढू का?" बरेच जण नाही म्हणतात. ती "बरं" म्हणते आणि झाकण लावते.

ताईंचे केस आता परत आलेत, कामही पहिल्यासारखं चालू आहे. त्यांना मात्र मावशीने कधी फोटोचं विचारलं नाही. रस्त्यात भेटल्या की त्या आपणहून म्हणतात, "बरंय ना?" मावशी खाली बघत "हो" म्हणते, आणि मग मला मागे टाकून घरापर्यंत झपाझप चालते.